नीलिंगमधले गुडघेदुखणे : ‘सवयीने जाते’ हा समज

५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारातील नीलिंगमध्ये, म्हणजे एक गुडघा जमिनीला टेकून नेम धरण्याच्या बैठकीत, गुडघा दुखणारच आणि तो सहन करत राहिले की सवय होते, हा नेमबाजांमधला जुना समज चुकीचा आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचे बहुतांश वजन उजव्या टाचेवर आणि घोट्याखालच्या रोलवर (लोडासारख्या छोट्या उशीवर) पडायला हवे. जमिनीला टेकलेल्या गुडघ्याचे काम मुख्यतः तोल राखण्याचे असते. शरीर पुढे झुकले की हा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो आणि दुखणे सुरू होते. रोलमधले भरण कमी-जास्त करून बैठकीची उंची बदलता येते, आणि वाकलेल्या गुडघ्यावरचा ताण त्या उंचीनुसार बदलतो. मात्र नियमानुसार रोलची लांबी २५ सेंटीमीटर आणि व्यास १८ सेंटीमीटर यांपेक्षा जास्त असू नये. पायाला मुंग्या येणे ही बहुधा दाबाची गोष्ट असते, उठल्यावर ती ओसरते. पण गुडघ्याला सूज येणे, तो अडकणे किंवा चालताना लचकणे यावर रोल हा उपाय नव्हे. तिथे सराव थांबवून डॉक्टरांनाच दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन सराव रेटणे तर सर्वांत वाईट, कारण बैठक चुकल्याची खूण त्यामुळे दबून जाते.