रोडावलेल्या साल्मनचं मोल

साल्मन चरबीदारच हवा, ही समजूत हल्ली आपल्याकडेही रुजली आहे. ओमेगा-३च्या जाहिरातींनी तर त्या चरबीची संजीवनी करून टाकली. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी आयनू लोक मात्र हिवाळ्याच्या बेगमीसाठी अगदी उलटा मासा निवडत: अंडी घालून झालेला, फिकटलेला, रोडावलेला. तिथे अशा माशाला ‘होच्चारे’ म्हणतात. बाजारात त्याला भाव नाही. मला ही निवड विलक्षण वाटते, कारण तिच्यामागचं रसायन फार सुंदर आहे.

सप्टेंबरच्या सुमारास चम जातीचा साल्मन समुद्र सोडून नदीत शिरतो आणि त्याचं खाणं थांबतं. प्रवाहाविरुद्ध पोहणं, अंडी पिकवणं, सगळं अंगातल्या साठ्यावर. वीण आटोपेपर्यंत बरीचशी चरबी जळालेली असते.

आता मासा बिघडतो तो दोन वाटांनी. जिवाणूंना पाणी लागतं. मासा वाळवला की ती वाट बंद. दुसरी वाट हवेतल्या ऑक्सिजनची, आणि ती वाळवून बंद होत नाही. माशाच्या तेलातलं डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी, तिच्यात ६ दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. डीएचएत अशा ५ जागा आहेत. तिथला एक हायड्रोजन निसटला की उरतो मुक्त मूलक, म्हणजे एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनमुळे कशाशीही जुळायला धावणारा रेणू. तो ऑक्सिजनशी जोडला जाऊन पेरॉक्सिल मूलक होतो, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो, तिथे नवा मूलक जन्मतो, आणि हे सुरूच राहतं. यात तयार झालेली हायड्रोपेरॉक्साइडं फुटून अल्डिहाइडं निघतात; खवट वास येतो तो त्यांचा. माशाच्या रक्तातलं लोह या फुटण्याला वेग देतं. रोड माशात मुळात या आगीला सरपणच थोडं. शिवाय कडाक्याच्या थंडीने अभिक्रिया मंदावते आणि घरातल्या अग्निकुंडावर टांगलेल्या माशावर बसणाऱ्या धुरातली फिनॉलं मूलकांना आपला हायड्रोजन देऊन ही मूलकामागून मूलकाची मालिका तोडतात. आपल्या कोळीवाड्यांत वलांडीवर वाळणारा बोंबीलही कमी चरबीचाच.

आयनूंना मूलक ठाऊक होते, असं मी म्हणत नाही. पूर्वजांच्या माथी आजचं विज्ञान मारण्याची आपल्याकडची खोड मला मुळीच पटत नाही. कोणता मासा वसंतापर्यंत टिकतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलं, लक्षात ठेवलं. ते पुरेसं मोठं आहे. आणि विणीनंतरचा मासा धरला, की पुढची पिढी आधीच नदीच्या वाळूगोट्यांत सुरक्षित असते.

साल्मनला ते ‘कामुय चेप’, म्हणजे देवांचा मासा, म्हणतात. हंगामातला पहिला मासा आधी देवांना. त्या विधीचं नाव ‘आशिरी चेप नोमी’. आशिरी म्हणजे नवा. आपल्या नव्याच्या पुनवेला भाताच्या लोंब्या पुजतात, तसंच हे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी सरकारने नदीतल्या साल्मनच्या मासेमारीवर बंदी घातली आणि विधीचा मासाच हिरावला गेला. होक्काइदोच्या साप्पोरो शहरात तोयोहिरा नदीकाठी हा विधी पुन्हा सुरू झाला तो १९८२ साली. त्यासाठी मासा धरायलाही प्रशासनाची परवानगी लागते. उराहोरो गावच्या आयनूंनी नदीत साल्मन धरण्याचा हक्क मागितला होता; एप्रिल २०२४मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने तो नाकारला.