बॅकग्राउंड ॲप बंद करणे

स्मार्टफोनवर नुकत्याच वापरलेल्या ॲपची कार्डे अंगठ्याने एकेक करून वर सारणे, किंवा ‘क्लिअर ऑल’ दाबून सगळी एकदम झाडून टाकणे. याने बॅटरी वाचते असा पक्का समज आहे; रोजच्या वापरात तो खरा ठरत नाही.

घोळ होतो तो कार्डांच्या त्या रांगेमुळे. कार्ड दिसते म्हणून ॲप चालू आहे असे वाटते. आयफोनवर स्क्रीनवरून बाजूला गेलेले ॲप थोड्याच वेळात गोठवले जाते: रॅममध्ये (फोनच्या तात्पुरत्या मेमरीत) त्याची जागा राहते, पण प्रोसेसर त्याच्या वाट्याला येत नाही. अँड्रॉइडवर बहुतेक ॲप ‘कॅश्ड’ होऊन, म्हणजे काही न करता मेमरीत राखून ठेवलेली, पडून असतात आणि मेमरी कमी पडली की सिस्टिमच त्यांतली काही काढून टाकते. रॅम भरलेली असो वा रिकामी, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच. उलट व्हॉट्सॲप दिवसातून वीसदा झाडले, तर वीसदा ते स्टोरेजमधून नव्याने उभे करावे लागते.

मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना ईमेल करून विचारले: तुम्ही ॲप बंद करत बसता का, आणि बॅटरीसाठी त्याची गरज आहे का? उत्तर कंपनीचे तेव्हाचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दिले. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’.

सवय मात्र अगदीच निराधार नव्हती. जुन्या अँड्रॉइडमध्ये ॲपना बॅकग्राउंडला बरीच मोकळीक होती, म्हणून ‘टास्क किलर’, म्हणजे इतर ॲप बंद करणारी ॲप, लोकप्रिय झाली. पण बंद पाडलेल्या ॲपची बॅकग्राउंड सेवा लगेच पुन्हा उठायची आणि पाठशिवणीचा खेळ सुरू व्हायचा. अँड्रॉइड ६ मधील ‘डोझ’ (२०१५; फोन नुसता पडून असताना ॲपची कामे लांबवणारी सोय) आणि अँड्रॉइड ८ मधील बॅकग्राउंडवरचे निर्बंध (२०१७) यांनी ही मोकळीक आवळली.

अपवाद आहेत. मुक्कामी पोचल्यावरही गूगल मॅप्सचे नेव्हिगेशन सुरूच राहिले, तर जीपीएस बॅटरी खात राहते. ते थांबवायलाच हवे. अडकलेले ॲपही बंद करावे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधला ‘फोर्स स्टॉप’ कार्ड सारण्याहून कडक: ॲप पुन्हा उघडेपर्यंत त्याची नोटिफिकेशनही येत नाहीत.

खरा खादाड सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या यादीत सापडतो. बहुधा सर्वांत वर असते ते स्क्रीन चालू ठेवून आपणच तासन्‌तास पाहिलेले ॲप.