रत्नांचं नाणं: काल्पनिक जगातल्या बाजारामागचा खरा इतिहास

अद्भुत कथांमध्ये आणि खेळांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. प्रवासी खाणावळीत शिरतो, कमरेच्या पिशवीतून एक माणिक काढून मालकापुढे ठेवतो आणि जेवण, मुक्काम, घोड्याचा चारा असा सगळा हिशेब त्यात मिटतो. असं जग रचणाऱ्याने इथे दोन प्रश्न विचारायला हवेत. मालकाने उरलेले पैसे परत कसे दिले? आणि समोर आहे ते माणिक आहे, रंगीत काच नाही, हे त्याला कसं कळलं? हे दोन प्रश्न इतके जड आहेत की, कृष्णेच्या काठी जिथे जमिनीतून हिरे निघत होते तिथेसुद्धा हिऱ्यांची खरेदी सोन्याच्या होनांनी व्हायची. रत्नं राज्याच्या खजिन्यात होती, गहाणवटीत होती, नजराण्यात होती. बाजारात नाणं म्हणून ती जवळजवळ कुठेच चालली नाहीत.

‘जवळजवळ’ म्हणण्याचं कारण चीन. ‘ग्वानझी’ या प्राचीन ग्रंथात चलनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: मोती आणि जेड वरचं चलन, सोनं मधलं, आणि सुरीच्या व फावड्याच्या आकाराची कांस्याची नाणी खालचं. मोती आणि जेड लांबून येतात, मिळायला कठीण, म्हणून ते वर. पण इ.स.पू. २२१मध्ये छिन राजवटीने देश एकछत्री केला आणि चलनही एकसारखं केलं, तेव्हा वर सोनं आणि खाली कांस्याचं गोल नाणं एवढंच ठेवलं. मोती, जेड, कासवाची पाठ, चांदी, कथील यांना दागिने आणि ठेव ठरवून चलनातून बाहेर काढलं. एका शासनाने रत्नांचं चलनपद काढून घेतल्याची ही स्पष्ट लेखी नोंद आहे आणि जग रचणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. तुमच्या कथेतही एखादं जुनं राज्य रत्नांत व्यवहार करणारं आणि त्याला जिंकणारं नवं राज्य नाणी पाडणारं असू शकतं.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हीच विभागणी दिसते. खजिन्यात घ्यायच्या रत्नांची परीक्षा कशी करावी याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. नाणी पाडणारा अधिकारी वेगळा, त्याचे नियमही वेगळे: ‘पण’ नावाच्या चांदीच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबं, शिवाय पूर्ण पण, अर्धा, पाव, अष्टमांश असे भाग. पणाचे भाग पाडता येतात, मोत्याचे नाही. सगळी अडचण इथून सुरू होते.

ती अडचण आकड्यांत पाहायची तर वराहमिहिराकडे जावं. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत हिऱ्याच्या किमतीचं कोष्टक आहे. पांढऱ्या मोहरीच्या आठ दाण्यांच्या वजनाचा एक तंडुल. वीस तंडुलांच्या उत्तम हिऱ्याची किंमत दोन लाख कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. अठराचा दीड लाख, चौदाचा एक लाख, दहाचा चाळीस हजार, आठचा साडेबारा हजार, चारचा दोन हजार आणि दोन तंडुलांचा फक्त दोनशे. म्हणजे वजन दहापट घटलं तर किंमत हजारपट घटते. वीस तंडुलांचा हिरा फोडून दोन-दोन तंडुलांचे दहा केले, काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी हातात दोन हजार उरतात. एकशे अठ्ठ्याण्णव हजार कार्षापण हातोडीच्या एका घावात गेले. होनाचे दोन तुकडे केले तर दोन अर्धे होन मिळतात, आणि सोनं चलन होण्याचं निम्मं कारण हेच.

सतराव्या शतकात झां-बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या खाणींवर येऊन गेला. त्याने हाच हिशेब सोपा करून सांगितला: कॅरेटमधल्या वजनाचा वर्ग करा आणि त्याला एका कॅरेटच्या भावाने गुणा. तीन कॅरेटचा हिरा एका कॅरेटच्या तिप्पट नाही, नऊपट. मुंबईच्या मोतीबाजारात हेच गणित ‘चव’ या मापात बांधलेलं होतं. रतीतल्या एकूण वजनाचा वर्ग, गुणिले ५५, भागिले ९६, भागिले मोत्यांची संख्या. आठ रतीचा एक मोती असेल तर चव येते साधारण ३६.६७. चार-चार रतीचे दोन असतील तर १८.३३. दोन-दोन रतीचे चार असतील तर ९.१७. तराजूत वजन तेच, पण मोती दुप्पट झाले की चव निम्मी. भाव दर चवेला ठरायचा, त्यामुळे मोठ्या मोत्याचं मोठेपण मापातच यायचं. काल्पनिक जगासाठी यापेक्षा चांगलं तयार सूत्र शोधून सापडणार नाही.

आता दुसरा प्रश्न, पारख. रत्नात आणि सोन्यात मोठा फरक असा की सोनं कसोटीवर घासता येतं, वितळवता येतं, आणि दोन ठिकाणचं शुद्ध सोनं एकसारखंच असतं. दोन हिरे कधीच एकसारखे नसतात. पाणी (म्हणजे आतली झळाळी), रंग, डाग, आकार हे सगळं डोळ्याने ठरवायचं आणि डोळा उजेडावर अवलंबून. ताव्हर्निये लिहितो की युरोपात कच्चे हिरे दिवसा पाहतात, इथले व्यापारी रात्री पाहतात: भिंतीत फूटभर चौकोनी कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि त्या उजेडात हिरा बोटांत धरून पाणी जोखायचं. निळसर छटेची शंका आली तर तो दाट पानांच्या झाडाखाली नेऊन पाहायचा, म्हणजे छटा उघडी पडते.

खाणीवरच्या मुलांच्या बाजाराचं त्याने केलेलं वर्णन तर जसंच्या तसं वापरावं असं आहे. दहा ते पंधरा-सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुलं सकाळी झाडाखाली बसायची. प्रत्येकाकडे एका पिशवीत वजनं, दुसरीत सोन्याचे होन. कुणी हिरा आणला की तो आधी सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात जायचा, मग एकेकाच्या हातातून अवाक्षर न काढता फिरून परत त्याच्याकडे यायचा. भाव तो ठरवायचा. संध्याकाळी दिवसभराचा माल पाणी, वजन आणि स्वच्छता पाहून वेगळा करायचा, मोठ्या व्यापाऱ्यांना विकायचा आणि नफा वाटून घ्यायचा. म्होरक्याला इतरांपेक्षा पाव टक्का जास्त. पारखीचं शिक्षण असं लहानपणापासून, घराण्यात होत असे. मोठ्या व्यापाऱ्यांचा सौदाही बोलून नव्हे तर कापडाखाली हात धरून व्हायचा: पूर्ण पंजा धरला तर हजार, पाच बोटं धरली तर पाचशे, एक बोट शंभर, मधल्या पेरापर्यंत पन्नास, टोकाचं पेर दहा. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव करण्याची रीत याच जातीची. चार माणसांत बसूनही प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगता येतो. नाण्याला अशा गुप्ततेची गरज नसते, कारण त्याचा भाव त्याच्यावरच छापलेला असतो.

मग रत्नावरच छाप मारला तर? तसंही झालं आहे आणि त्याचं एक उदाहरण अहमदनगरातलं आहे. आज मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये असलेला ‘शाह’ हिरा ८८.७ कॅरेटचा, लांबट, फारसे पैलू न पाडलेला आहे. त्यावर तीन लेख कोरलेले आहेत. पहिला बुऱ्हाण निजामशहा दुसरा याचा, हिजरी १०००चा, म्हणजे १५९१च्या सुमाराचा. दुसरा शाहजहानचा, हिजरी १०५१. तिसरा इराणच्या फतह अली शाह काजारचा. दोऱ्यात ओवता यावा म्हणून भोवती एक बारीक खाचही आहे. हिऱ्यावर हिऱ्याच्याच भुकटीने कोरता येतं, म्हणजे हे काम अतिशय संथ. १८२९मध्ये तेहरानमध्ये रशियन वकील ग्रिबोयेदव मारला गेला, तेव्हा झारचा राग शांत करण्यासाठी इराणने हा हिरा भेट म्हणून पाठवला. एका देशाने दुसऱ्याशी हिशेब मिटवताना दिलेलं हे रत्न. राजाराजांमध्ये रत्नं अशी खरोखर चलनासारखी फिरली. मात्र असे व्यवहार शतकात दोन-चार.

मोठं रत्न विकून पटकन पैसे करता येत नाहीत. मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट याने १७०२मध्ये सुमारे ४१० कॅरेटचा कच्चा हिरा ४८,००० होनांना घेतला. लंडनमध्ये पैलू पाडायला दोन वर्षं गेली, हिरा १४०.५ कॅरेटचा उरला. गिऱ्हाईक मिळालं १७१७मध्ये, फ्रान्सच्या राज्यप्रतिनिधीच्या रूपात, १,३५,००० पौंडांना. नफा प्रचंड, पण पंधरा वर्षं पैसा अडकून पडला. तुमचा नायक ड्रॅगनच्या गुहेतून मुठीएवढा पाचू घेऊन बाहेर आला तर तो श्रीमंत जरूर होईल, पण जेवायला त्याला उधारीच मागावी लागेल.

पुरवठा हा वेगळा धोका. १७२०च्या दशकात ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये हिरे सापडले आणि युरोपात भाव कोसळले. भारतीय हिऱ्यांची पत टिकवायला ब्राझीलचा माल गोव्यामार्गे भारतीय म्हणून विकला गेल्याचंही सांगितलं जातं. जांभळा अॅमेथिस्ट एके काळी माणिक-पाचूच्या पंक्तीला होता. दक्षिण अमेरिकेतून तो ढिगाने येऊ लागला आणि पंक्तीतून उठला. १९२०च्या दशकात जपानी संवर्धित मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदी आली, आणि आखातातल्या मोतीव्यवसायाचं कंबरडं मोडलं. ज्या जगात जादूगार दगडाचं माणिक करू शकतो तिथे माणकाचं चलन पहिल्याच पिढीत बुडेल. त्या मंत्रावर राज्याचा कडक पहारा का आहे, हे तिथे दाखवावंच लागेल.

तरीही रत्नचलन हवंच असेल तर ते बारीक मालापासून उभं करावं. हिऱ्यांच्या व्यापारात छोटे पैलूदार हिरे एकेक करून विकले जात नाहीत. गोल भोकांच्या क्रमांकित चाळण्यांमधून ते चाळतात. दोन नंबरच्या चाळणीखालचा माल वेगळा, साडेसहाचा, अकराचा वेगळा. एका चाळणीतला, एका रंगाचा माल धान्यासारखा वजनावर जातो आणि एकाची जागा दुसरा घेऊ शकतो. असा माल मोजून पुडीत बांधायचा आणि पुडीवर मोहर करायची. एडो काळातल्या जपानमध्ये गोतो घराण्याने मोहरबंद केलेल्या सोन्याच्या नाण्यांच्या पुड्या न उघडता हातोहात फिरत. पुडीवर लिहिलेला आकडाच खरा धरला जाई. तुमच्या जगातली रत्नपेढी हेच करेल. दहा कॅरेटची, म्हणजे दोन ग्रॅमची पुडी, वर चाळणी, वजन, पाणी आणि पेढीचं चिन्ह. मोहर फुटली की पुडी पुन्हा पेढीवर नेऊन तपासणीची फी भरायची.

पुडी हवीच, याला आणखी एक कारण आहे. एकाच पिशवीत हिरा, माणिक, पाचू आणि मोती टाकून घोड्यावर आठवडाभर हिंडलात तर हिरा माणकाला चरे पाडतो, माणिक पाचूला, आणि मोत्याला सगळेच. मोती घामानेही निस्तेज होतो. हिरा कठीण असला तरी ठरावीक दिशेने घाव बसला तर सरळ दुभंगतो, म्हणून दाताखाली किंवा ऐरणीवर परीक्षा करणारं पात्र अडाणीच ठरेल.

पुडीच्या वरच्या थरात विश्वासाचे व्यवहार येतात. माल पसंतीसाठी जांगडावर द्यायचा, विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत. आंगडियाने, म्हणजे मौल्यवान माल पोचवणाऱ्या विश्वासू माणसाने, तो एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचवायचा. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातलं पोवळं लिस्बनमार्गे गोव्यातल्या कामत घराण्याकडे पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं; पत्रं, ओळखी आणि बाजारातली पत यांवर वर्षानुवर्षं काम चाललं. तळाच्या थरात मात्र रत्न नकोच. बंगालमध्ये मालदीवच्या कवड्या भाजीपाल्यापर्यंत चालत. त्या जवळपास सारख्या आकाराच्या, मोजायला सोप्या, नकली करणं परवडत नाही अशा. खाणावळीचा हिशेब कवड्यांत होऊ द्या.

राहिली फसवणूक. मोहरबंद पुडीत हिऱ्याऐवजी स्फटिक निघाला तर नुकसान कुणाचं, शेवटच्या धारकाचं की मोहर करणाऱ्या पेढीचं? हे ठरवल्याशिवाय व्यवस्था उभी राहत नाही. पेढी भरून देत असेल तर ती प्रत्येक पुडीची नोंदवही ठेवेल, मोहरेचा साचा दरवर्षी बदलेल, जुन्या साच्याच्या पुड्या मुदतीत परत मागवेल. धारकाचं नुकसान असेल तर लोक प्रत्येक पुडी फोडून पाहतील आणि पारख्याची फी प्रत्येक सौद्यात पुन्हा भरावी लागेल.