सेट (इंग्रजी शब्द)

इंग्रजीतील सर्वाधिक अर्थ असलेल्या शब्दांपैकी एक. तो क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही रूपांत येतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याचीच होती. नुसत्या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ तीत आहेत. पुढे सुधारित नोंदीत 'रन' या क्रियापदाचे अर्थ 645 भरले आणि पहिला मान तिकडे गेला.

व्युत्पत्ती : एकाच स्पेलिंगमध्ये दोन शब्द नांदतात. क्रियापद जुन्या इंग्रजीतले असून 'सिट'चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे 'बसणे'वरून 'बसवणे' होते तसे. संस्कृत 'सद्' धातू याच कुळातला. 'संच' या अर्थाचे नाम मात्र जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'वरून, म्हणजे अनुयायांच्या गटावरून आले. पुढे दोघांची सरमिसळ झाली.

'बसवणे' धरून चालले की क्रियापदाचे पुष्कळ अर्थ आपोआप उलगडतात : अंगठीत खडा बसवणे, मोडलेले हाड बसवणे. बाकी ठिकाणी मराठीला वेगळी क्रियापदे लागतात. गजर लावतात, भाव ठरवतात, छपाईचे खिळे जुळवतात, सूर्य मावळतो.

सिमेंटचे सेट होणे म्हणजे कालवलेल्या लगद्याचा मऊपणा जाऊन तो आकार धरणे. मजबुती येणे ही निराळी आणि कित्येक दिवस चालणारी क्रिया आहे. या दोहोंत गल्लत नेहमीच होते. सेट होण्याचा वेग आवरण्यासाठी सिमेंट दळताना त्यात जिप्सम हे खनिज घालतात. ते कमी पडले तर पाणी लागताच मिश्रण तापते आणि काही मिनिटांत आखडते. मग ते पुन्हा ढवळून पूर्ववत होत नाही. दळताना उष्णता फार वाढली तर जिप्सममधले पाणी काही अंशी उडते आणि कालवल्यावर लगदा खोटाच घट्ट होतो. अशा वेळी पाणी न घालता पुन्हा ढवळावे, तो सैल पडतो. वरून पाणी ओतले तर मजबुती घटते.

करवतीचा 'सेट' म्हणजे दातांची टोके आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवणे. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते. सेट झिजला की करवत लाकडात अडकते. दात मुळापासून वाकवला तर तुटण्याची भीती असते, म्हणून टोकाकडचाच भाग वाकवतात.

नामाचा घोळ गणितात दिसतो. सहा एकसारख्या कपांचा चहाचा सेट होतो. गणितातल्या सेटमध्ये, म्हणजे संचात, तोच घटक सहादा लिहिला तरी एकदाच धरतात, आणि क्रमालाही अर्थ नसतो. टेनिसमध्ये किमान सहा गेम आणि दोनची आघाडी मिळवणाऱ्याचा सेट. 6-6 झाल्यास सहसा टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारा निर्णायक गेम.

व्याकरणात भूतकाळी रूप बदलत नाही. 'ही सेट द क्लॉक' हे वाक्य म्हणूनच भूतकाळीच ठरते. वर्तमानात 'सेट्स' हवे. 'सेट अप' क्रियापद असताना दोन शब्द, नाम असताना एकच. 'सेट इन' बहुधा नकोशा गोष्टींसाठी येते : थंडी, कूज, संसर्ग. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे, स्फोट घडवणे किंवा हिशेबात येणे-देणे वळते करणे. मराठी बोलण्यात 'सेटिंग'ला आलेला संगनमताचा अर्थ इंग्रजी 'सेटिंग'ला नाही.