मेसेज ब्रोकरची क्षमता आणि संदेशांचा विलंब : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या प्रणालीतील सेवा एकमेकींना मेसेज ब्रोकरमार्फत (म्हणजे संदेश स्वीकारून ते पुढच्या सेवेपर्यंत पोहोचवणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरमार्फत) संदेश पाठवत असतील, तर हा ब्रोकर सेकंदाला किती संदेश पेलेल, असा प्रश्न आपण आम्हाला विचारता. आमच्या मते एवढाच प्रश्न अपुरा आहे. तेवढ्या भाराखाली एका संदेशाला किती वेळ थांबावे लागेल हेही विचारले पाहिजे, आणि त्यासाठी आम्ही संभाव्यतेवर आधारित गणिती प्रारूप वापरतो.

रांगांच्या या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये घातला. संदेश समान अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाच्या प्रक्रियेला सारखाच वेळ लागत नाही, म्हणून यंत्रणेची सरासरी क्षमता पुरेशी असली तरी रांग लागतेच.

समजा, संदेश घेणाऱ्या एका सेवेला प्रत्येक संदेशासाठी सरासरी २ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तिची कमाल क्षमता सेकंदाला ५०० संदेश झाली. सर्वांत साध्या प्रारूपानुसार सेकंदाला २५० संदेश आले तर रांगेसह सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, ४०० आले तर १०, ४५० आले तर २० आणि ४७५ आले तर ४०. शेवटच्या टप्प्यात भार जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढला, पण विलंब दुप्पट झाला. शिवाय ही केवळ सरासरी आहे. ४५० संदेशांच्या भाराखाली दर शंभरांतील एका संदेशाला सुमारे ९२ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि तक्रार येते ती बहुधा त्याच संदेशाची.

यावर नवे सर्व्हर घेणे हाच उपाय असतो असे नाही. वरच्या उदाहरणात प्रत्येक संदेशाला नेमके २ मिलिसेकंदच लागले असते, तर ४५० संदेशांच्या भाराखाली एकूण वेळ २० वरून ११ मिलिसेकंदांवर आला असता. त्यामुळे जास्त वेळ घेणारे मोठे संदेश वेगळ्या रांगेत टाकून उरलेल्यांचा वेळ सारखा करणे कित्येकदा यंत्र वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते. ब्रोकर सुरक्षिततेसाठी ठेवतो त्या संदेशाच्या सर्व प्रती साठवल्या गेल्याची पोच मिळेपर्यंत थांबण्याची सेटिंग असेल, तर सर्वांत मंद प्रतीचा वेळ प्रत्येक संदेशाला लागू होतो, हेही प्रारूपात धरावे लागते. संदेश गठ्ठ्याने पाठवल्यास क्षमता वाढते. मात्र भार कमी असताना गठ्ठा भरेपर्यंतचा विलंब पदरी पडतो.

कामासाठी आम्हाला आपल्याकडून प्रत्येक संदेश पाठवल्याची, ब्रोकरमध्ये पोहोचल्याची आणि प्रक्रिया संपल्याची वेळ नोंदलेली हवी. मिनिटागणिक काढलेल्या सरासऱ्या पुरत नाहीत, कारण त्यांत चढउतार पुसले जातात. भारचाचणी (मुद्दाम भार टाकून केलेली चाचणी) आपणच घेतली असेल, तर चाचणीचे साधन आधीच्या संदेशाचे उत्तर येईपर्यंत पुढचा संदेश रोखून धरत होते का, तेही कळवावे. तसे असल्यास ब्रोकर अडखळला त्याच वेळी भारही थांबतो आणि नोंदलेला विलंब खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो.

अपयशी संदेश पुन्हा पाठवले जात असतील, तर आवक आणि विलंब एकमेकांवर अवलंबून राहतात व वरची साधी सूत्रे लागू पडत नाहीत. अशा प्रणालीसाठी आम्ही संगणकावर तिचे अनुकरण (सिम्युलेशन) चालवतो. त्याला अधिक वेळ लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे असते.