'डिड यू'चं 'डिजू' होतं कसं?

इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं आळसाने शब्द गिळतात, हा आपल्याकडचा पक्का समज. 'डिड यू ईट?' हा साधा प्रश्न कानावर 'डिजू ईट?' असा पडतो, घाईत तर नुसता 'जीट?'. पण यात गिळण्यापेक्षा सांधण्याचा भाग मोठा आहे.

आधी रचना. मराठीत 'तू जेवलास'पुढे 'का' लावला की प्रश्न तयार, शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जातं: 'यू आर'चं 'आर यू'. 'यू एट'मध्ये साहाय्यकच नाही, म्हणून 'डिड' आणावं लागतं. भूतकाळ त्याने उचलला की 'एट'चं पुन्हा 'ईट' होतं. 'डिड यू एट?' चुकतं, कारण त्यात काळ दोनदा लागतो. 'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'डिड' नको: 'हू कॉल्ड यू?'

या उलटापालटीमुळेच ड आणि य शेजारी येतात. इंग्रजी ड म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला टेकतं, तर य म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उठतो. दोन्ही हालचाली एकदम झाल्या की हवा घासत सुटते आणि ज उमटतो. हा ज 'जेवण'मधला, 'जाऊबाई'मधला नव्हे. तसाच ट आणि य मिळून च: 'डोन्ट यू'चं 'डोन्चू'.

आपल्या भाषेत हे कधीच घडून गेलंय. संस्कृत 'अद्य'चं प्राकृतात 'अज्ज' झालं, मराठीत 'आज'. 'विद्युत्'चं 'विज्जु', मग 'वीज'. 'नृत्य'चा 'णच्च' होऊन 'नाच'. द आणि य मिळून ज, त आणि य मिळून च! 'आज' म्हणणाऱ्याला आपण आळशी ठरवत नाही.

म्हणूनच इंग्रजी ऐकून समजावं यासाठी व्हिडिओचा वेग कमी करून फारसा उपयोग होत नाही. ज फक्त ताणला जातो, त्याचे पुन्हा ड आणि य होत नाहीत. '३० दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाले सुटे शब्द घोकून घेतात, हा सांधा शिकवतच नाहीत. तो स्वतः म्हणून पाहावा. आधी 'डिड', थांबून 'यू'. मग न थांबता 'डिजू'. शेवटी ऊ विझवून 'डिज ईट?', सगळा जोर 'ईट'वर. तोंडाला जमलं की कानाला ओळखू येतं.

'व्हेअर डिड ही गो?'मध्ये मात्र य नाही, म्हणून ज होत नाही. तिथे खरोखरच गळती होते: 'डिड'चा एकच ड उरतो, 'ही'चा ह जातो आणि ऐकू येतं 'व्हेअर्डी गो?'