निनावी की गोपनीय? संशोधनात फोटो आला की उडणारी गफलत

"ताई, काळजी करू नका, तुमचं नाव कुठेही येणार नाही." संशोधक हे मनापासून म्हणतो, ताई मान डोलावतात, सही होते. त्याच्या मनात असतं, नाव वगळायचं. त्यांना वाटतं, आपण ओळखूच येणार नाही.

निनावी म्हणजे माहिती कोणाची, हे संशोधकालाही ठाऊक नसणं. पेटीत टाकलेली बिननावाची चिठ्ठी निनावी असते. गोपनीय म्हणजे त्याला सगळं ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. ही झाकली मूठ. झाकलेली मूठ कोणी तरी उघडायला लावू शकतं. निनावीत मूठच नसते. प्रश्नावलीच्या कामात हा फरक पुसट राहिला तरी एक वेळ निभावून जातं. फोटोत नाही.

१९९०च्या दशकात कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात गावातल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले. आपलं जगणं त्यांनी स्वतः टिपायचं आणि मग एकत्र बसून फोटोंवर बोलायचं. ही पद्धत फोटोव्हॉइस म्हणून ओळखली जाते. पुढे ती एचआयव्हीसह जगणारे, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, व्यसनी माणसं अशा, समाज ज्यांच्याकडे बोट दाखवतो त्यांच्यापर्यंत पोचली. पण इथे निनावीपणा पहिल्याच पायरीवर संपतो. कॅमेरा कोणाला दिला हे संशोधकाला माहीत असतं. कोणता फोटो कोणाचा, हे चर्चेला बसलेल्या साऱ्या जणींना कळतं. म्हणजे उरते गोपनीयता, आणि तीही अर्धीच, कारण त्या बायकांनी बाहेर बोलू नये यासाठी संशोधकाच्या हाती फक्त विनंती असते.

"मग चेहरा झाकू," असं म्हटलं जातं. डोळ्यांवर काळी पट्टी मारण्याची जुनी सवय वैद्यकीय नियतकालिकांतली, पण त्यांच्याच संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम आता म्हणतात की तेवढ्याने ओळख लपत नाही. संगणकावर चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून विकृत केला तरी खात्री नाही. असाच फिरवलेला एक चेहरा जर्मन पोलिसांनी उलटा फिरवून पूर्ववत केला आणि २००७ मध्ये इंटरपोलने तो जगासमोर ठेवला. तो गुन्हेगार होता म्हणून बरं. तंत्र मात्र माणूस पाहून चालत नाही.

आणि चेहरा गेला तरी बाकीचं फोटोत असतंच: हातावरचं गोंदण, भिंतीवर गावच्या पतसंस्थेचं कॅलेंडर, दारातली निळी पायरी, ठिगळ लावलेली गोधडी. मुंबईतल्या प्रदर्शनात आलेल्या परक्या माणसाला यातून काही कळणार नाही. पण कलंकाचा धोका बहुतेक वेळा परक्यांकडून नसतो. तो असतो जावेकडून, घरमालकाकडून, मुलाच्या शाळेतल्या बाईंकडून, आणि त्यांना ती गोधडी पुरते. भरीला मोबाइलने काढलेल्या मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. ते न काढता फाइल पुढे धाडली, तर पत्ता दिल्यासारखंच.

गोपनीयतेलाही कायद्याच्या मर्यादा आहेत, आणि संमतीपत्रांत त्या नेमक्या गाळल्या जातात. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करू देत नाही, मात्र न्यायालयाचा आदेश त्याला अपवाद ठरू शकतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला आहे त्याने ती पोलिसांना कळवायची असते. त्यातून संशोधक सुटत नाही. एखाद्या फोटोत किंवा त्यावरच्या बोलण्यात तसं काही निघालं, तर "कोणालाही सांगणार नाही" हे आश्वासन त्याला पाळताच येणार नाही.

मागे उभ्या राहिलेल्यांचं काय? शेजारीण, गिऱ्हाईक, खेळणारं पोर. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातल्या कामावरून वँग आणि सहलेखिकेने २००१ मध्ये तीन वेगळ्या संमती सुचवल्या: फोटो काढणाऱ्याची, फोटोत आलेल्याची, आणि नंतर तो छापण्यासाठीची. मला तिसरी सगळ्यात मोलाची वाटते. काढताना निरुपद्रवी वाटलेला फोटो भिंतीवर मोठा करून लावला की वेगळाच दिसतो.

आता उलट बाजू. सांगलीत १९९६ पासून एक संघटना उभी आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ज्या शब्दाने शिवी दिली जाते तोच त्यांनी पाटीवर लिहिला. तिथल्या स्त्रिया आपल्या नावाने व्यासपीठावर बोलतात. अशा बाईचा फोटो तिला न विचारता धूसर करणं म्हणजे तुझं तोंड दाखवण्याजोगं नाही असं तिला पुन्हा एकदा सांगणं. तिने काढलेल्या फोटोखाली नाव न छापणं तर चक्क तिचं श्रेय काढून घेणं. पण आज "नाव घाला" म्हणणारी तीच बाई उद्या मुलीचं लग्न ठरताना "काढा" म्हणू शकते. छापील पुस्तकातून ते निघत नाही, हेही तिला आधीच कळायला हवं.

म्हणून संमतीपत्रात मी एवढं लिहीन: "ताई, तुम्ही कोण हे मला माहीत असेल, आणि आपल्या गटातल्या बायकांनाही. मी आपणहून कोणाला सांगणार नाही, पण कोर्टाने विचारलं किंवा लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला सांगावं लागेल. चेहरा झाकला तरी ओळखीचं माणूस तुम्हाला ओळखू शकेल. नाव घालायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. प्रदर्शनाआधी मी पुन्हा विचारायला येईन."